ओल्या कामाला चांगलं म्हणायचं नाही

सेलिन, तुझी बाई पडली.

हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं बोलू. मी आडवळणानं बोलायला लागले की तू म्हणायचीस, "विजू, मुद्द्यावर ये, माझी माती वाळतेय." तर मुद्दा हा. तुला जाऊन आज तीन आठवडे झाले. तू माझ्यावर सोपवून गेलेली मातीची बाई त्यातले नऊच दिवस उभी राहिली. तिचा प्लास्टरचा साचा घ्यायच्या आदल्या दिवशी ती माझ्या डोळ्यांदेखत कोसळली, आणि माझ्यामुळे कोसळली. विन्सेंट म्हणतो, कुणाची चूक नाही. मरीना म्हणते, "इट्स ओके मावशी, मॉम वुड अंडरस्टँड." तुझा नवरा काय, तुझी लेक काय, दोघंही तुला ओळखत नाहीत. तू मला कच्ची खाल्ली असतीस, आणि मला आत्ता तेच हवं आहे.

चर्चमध्ये लोक तुझ्याबद्दल खूप चांगलं बोलले. सेलिन किती प्रेमळ, किती कष्टाळू, मराठी मंडळातल्या मुलांना दर वर्षी मातीचा गणपती करायला शिकवणारी वसईची ख्रिश्चन बाई, किती मोकळ्या मनाची. गणपतीचं ऐकताना त्या बाकावर मला हसू फुटलं. मंडळाच्या बाई तुला दर वर्षी विनवायच्या, "सोंड जरा नेहमीसारखी करा ना." तुझा उंदीर तर एकदा इतका आधुनिक झाला होता की पोरांना तो बटाटा वाटला. पण तू शिल्पकार होतीस, असं त्या दिवशी एकही माणूस म्हणाला नाही. 'तिची हॉबी' म्हणाले. उठून बोलायला हवं होतं ते मी. मी बसून राहिले, रुमालाची घडी करत.

आपण भेटलो मुंबईत, कॉलेजच्या शिल्प विभागात, मातीच्या हौदापाशी. वर्ष संपलं की सगळ्या वर्गानं आपापले मातीचे अभ्यास फोडून त्या हौदात टाकायचे. वरून पाणी. जूनमध्ये नव्या पोरांना तीच माती. "माझ्या पुतळ्याच्या घोट्यात कुणाचं तरी नाक आहे," असं तू पहिल्याच आठवड्यात म्हणालीस आणि मी तुझ्या शेजारची जागा धरली. तिथेच मास्तरांनी तो नियम शिकवला. ओल्या कामाला चांगलं म्हणायचं नाही. माती ओली आहे तोवर काय कमी आहे तेवढंच सांगायचं. चांगलं म्हणायचं ते कास्टिंग झाल्यावर, प्लास्टरमध्ये काम पक्कं उभं राहिल्यावर. 'छान' ऐकलं की हात आळशी होतो, असं ते म्हणायचे.

आपण दोघींनी देश सोडला, माणसं सोडली, मी तर माती सोडली. तो नियम मात्र कुणी सोडला नाही. रेजिना शहरातल्या ऑफिसात मी दिवसभर लोकांचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचे आणि रविवारी तुझा फोन यायचा, "गुडघा जमत नाहीये." तू नुसतं वर्णन करायचीस आणि मी हजारभर मैलांवरून सांगायचे काय कमी असेल ते. भाजी गॅसवर असताना चाखली तरी आपण म्हणायचो, अजून ओलं काम आहे, बोलायचं नाही.

आणि आपली 'ती मंडळी'. कॉलेजच्या लायब्ररीत शिवण उसवलेलं एक जाड पुस्तक होतं, काळ्यापांढऱ्या फोटोंचं. शंभरेक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये मनुष्याकृती नव्यानं घडवू पाहणारे ते शिल्पकार. आपण त्यांना नावांनी कधी हाक मारली नाही, शेजारपाजारचे असावेत तशी 'ती मंडळी' म्हणायचो. त्यांच्या आधीचे पुतळे सतत काहीतरी सांगत असायचे. घोड्यावर बसलेला सेनापती, हात पुढे केलेला पुढारी, रडणारा देवदूत. ह्या मंडळींनी ते सांगणं बंद केलं. बाई नुसती उभी आहे. नुसती बसली आहे, गुडघ्यात डोकं घालून. ती कोण, कुठली, कशासाठी, काही नाही. "गोष्ट काढली, वजन ठेवलं," असं तू म्हणायचीस. शरीराचा भार कुठून निघतो आणि जमिनीत कुठे उतरतो, एवढंच.

त्यांच्या कामापेक्षाही तुला त्यांच्या राहण्याचं वेड होतं. एका अंगणाभोवतीच्या भाड्याच्या खोल्या. बहुतेक जण परमुलखातले, फ्रेंच मोडकंतोडकं. कुणी मोठ्या उस्तादाच्या कारखान्यात वर्षानुवर्षं दुसऱ्याचे पुतळे घासून कंटाळून बाहेर पडलेलं. चौघांत एक शेगडी आणि चौघांत एक मॉडेल. तुझा सिद्धांत होता की ती सगळी नवी शैली कोळशाच्या टंचाईतून आली. खोली गार, मॉडेल कुडकुडणार, ती काय तासन् तास उभी राहते? मग बोटं आणि नखं कोण कोरत बसेल? मोठे आकार पकडायचे आणि तिला शाल द्यायची. मी विचारायचे, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? तू म्हणायचीस, "पुस्तकं लिहिणारे उबेत बसून लिहितात गं." थंडीत ती मंडळी स्वतःचं पांघरूण मातीच्या पुतळ्यावर घालायची आणि स्वतः गारठायची, असंही तू सांगायचीस. खरं-खोटं तुलाच ठाऊक. ते पांघरूण आता माझ्या डोक्यातून जात नाही.

मी म्हणायचे, त्या अंगणात बायका यायच्या त्या मॉडेल म्हणून, नाहीतर कुणाची तरी शिष्या म्हणून. हाताने घडवणाऱ्या होत्या त्यांचीही नावं पुरुषांच्या नावाला चिकटवूनच येतात. तू काम करता करता म्हणालीस, "आपण कुणाच्याच कुणी नाही, हे काय कमी आहे? दोघींचं अंगण, दोघींची शेगडी." तेव्हा ते मला फार गोड वाटलं होतं. दोघींचं वर्तुळ म्हणजे एक गेली की उरलेलीला वर्तुळ म्हणत नाहीत, हे तेव्हा सुचलं नाही.

मी रेजिना सोडून ओकव्हिलला मुलाजवळ, तुझ्या शेजारच्या गावी आले ती खरं तर तुझ्यासाठी. मुलाला हे सांगितलेलं नाही. तुझं मिसिसागाचं टाउनहाउस, त्याचं एका गाडीचं गॅरेज, आणि विन्सेंटची गाडी बारा महिने बाहेर बर्फात. तू वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना उठवायचीस, बसवायचीस, आंघोळ घालायचीस. मी एकदा हळहळले, एवढी शिकलेली तू आणि हे काय काम. तू चिडलीस. "ती मंडळी एका मॉडेलसाठी भांडायची आणि मी रोज बारा शरीरं उचलते. माणसाचं वजन मला जेवढं माहितीये तेवढं त्यांच्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं." टोरंटोच्या म्युझियममध्ये त्यांच्यातल्या एकाची छोटी ब्राँझची बसलेली बाई आहे. तिच्यासमोर तू हवेतच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायचीस. गार्ड म्हणायचा, "मॅम, प्लीज स्टेप बॅक." तू एक पाऊल मागे घ्यायचीस आणि तिथूनही हात चालूच.

आता आपलं भांडण. एवढ्या वर्षांत ते मिटलं नाही. तुझ्या बायकांना डोकं नसायचं. खांद्यांपाशी संपलेली धडं, एकाहून एक सुंदर, आणि मी प्रत्येक वेळी विचारायचे, हिचं डोकं कुठाय? तुझं म्हणणं, त्या मंडळींनीच दाखवून दिलं की धड पुरेसं असतं, चेहरा आला की लोक चेहराच वाचतात, शरीर कुणी बघत नाही. माझं म्हणणं, त्यांनी म्युझियममध्ये जमिनीतून निघालेले मोडके ग्रीक पुतळे बघितले आणि मोडकंच सुंदर मानलं. आपल्याकडे भंगलेली मूर्ती पुजत नाहीत, पाण्यात सोडतात. तू हसायचीस, "पण मी ख्रिश्चन आहे ना गं."

एकदाच तुला खरंच लागलं. तू आईची आकृती करायला घेतली होतीस. तुझी आई, केळीची आणि भाजीची पाटी डोक्यावर घेऊन पहाटे बाजाराला चालत जाणारी. ती नेहमीसारखी खांद्यापाशी संपवलीस. मी म्हटलं, "जिनं जन्मभर डोक्यावर ओझं वाहिलं तिचं डोकंच कापलंस? तिचं सगळं वजन मानेत होतं, सेलिन. तूच वजन वजन करतेस ना?" तू हात धुतलेस, चहा ठेवलास, आणि चहा पिताना माझ्याकडे बघितलं नाहीस. त्यानंतर महिनाभर तुझा फोन नव्हता. ती आकृती तू फोडून टाकल्याचं मला विन्सेंटकडून कळलं.

मी माफी मागितली नाही. म्हटलं, ओल्या कामाबद्दल बोलले, त्यात काय.

मागच्या उन्हाळ्यात तू पुन्हा तिलाच घेतलंस आणि मला गॅरेजमध्ये येऊ देईनास. "झाल्यावर ये." मग ऑक्टोबरात तुझं दुखणं निघालं, आणि डॉक्टर जे सांगायचं ते पोटाच्या फोटोकडे बघून सांगायला लागले, तुझ्याकडे बघेनात. डिसेंबरात तू हॉस्पिटलमध्ये गेलीस तेव्हा गॅरेजची किल्ली माझ्या हातात दिलीस. "दोन दिवसांआड पाणी मार. कपडा सुकू देऊ नकोस. वाळली तर तडकेल." साचा घ्यायला एक म्हातारा इटालियन प्लास्टरवाला तू ठरवला होतास, पण तो जानेवारीच्या मध्यापर्यंत मोकळा नव्हता.

तू नसताना मी पहिल्यांदा तिच्यावरचं प्लास्टिक काढलं, मग ओली चादर सोडवली. तिला डोकं होतं.

डोळे, नाक, ओठ असं काही नव्हतं, अंडाकृती घडण तेवढी. डोक्यावर पाटी नव्हती. पण मान पाटीखालची होती. किंचित पुढे, किंचित डावीकडे, आणि त्या मानेतून भार खांद्यात, पाठीत, कमरेत, उजव्या टाचेत उतरत होता. गोष्ट काढली होती आणि वजन ठेवलं होतं. मी त्या गार गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसून रडले. तू ऐकलं होतंस. एवढ्या वर्षांत माझं एक तू ऐकलं होतंस, आणि ते माझ्याहून कितीतरी मोठं करून ठेवलं होतंस.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये आले. तू विचारलंस, "बघितलीस?"

"हो."

"मग?"

सेलिन, मी ते शब्द जिभेवर घेऊन ट्रेन आणि बस करून आले होते. आणि तू तसं आशेनं बघितलंस तर मी घाबरले. आत्ता चांगलं म्हटलं तर त्याचा अर्थ एकच, की तू आता कास्टिंग बघणार नाहीस हे मला माहीत आहे. म्हणून मी नियमाच्या आड लपले. म्हटलं, "मान अजून थोडी खाली हवी."

तू डोळे मिटून हसलीस. "घरी आल्यावर करते."

हे आपलं शेवटचं बोलणं. त्यानंतर तू दोन दिवस होतीस, पण औषधांच्या पलीकडे.

तुझ्या दफनाच्या दिवशी जमीन इतकी गोठली होती की ती आधी यंत्रानं फोडून ठेवली होती. तरी मी त्याही संध्याकाळी तुझ्याकडे जाऊन चादर ओली केली. चर्चमधल्या सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर मरीना बापाला म्हणाली, "डॅड, कम विथ मी, जस्ट टू नाइट्स," आणि त्याला सहा तासांवरच्या ब्रॉसार्डला स्वतःच्या घरी घेऊन निघाली. प्लास्टरवाला येणार त्याच्या आत परत येऊ म्हणाले. मधले दोन दिवस मलाही नातवाकडे थांबणं भाग होतं. म्हणून मी जाण्याआधी तिला दुप्पट पाणी मारलं. चादर निथळेपर्यंत. वाटलं, तहानलेली राहायला नको.

गॅरेजच्या दारावर तुझ्याच अक्षरात मार्करनं लिहिलंय, घरात कुणी नसेल तर हीटर बंद. एकदा वायर तापली होती तेव्हापासून. विन्सेंटनं तुझी प्रत्येक गोष्ट पाळली, तशी हीही पाळली. मला ते दार माहीत होतं. थंडी वाढणार हेही फोनवर दिसत होतं. "विन्सेंट, गॅरेजचा हीटर चालू ठेवा" एवढंच बोलायचं होतं. पण तो दारात बूट घालत बसला होता, लेस त्याच्याकडून बांधली जात नव्हती, आणि नुकतीच बायको पुरून आलेल्या माणसाला मातीच्या पुतळ्याचं काय सांगायचं, म्हणून मला लाज वाटली. मी वाकून त्याची लेस बांधून दिली आणि तो गेला.

उणे चोवीस होतं. आपण दोघी मातीतल्या, आपल्याला हे कळायला हवं. नुसती ओलसर असती तर कदाचित निभावली असती. मी तिला पाणी पाजून पाजून बर्फासाठी तयार केलं.

मी आले तेव्हा ती उभी होती, हे तुला कळायला हवं. चादर पत्र्यासारखी कडक झाली होती. ती सोडवली तर आत तुझी आई जशीच्या तशी, दगडासारखी. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, वाचली. आणि मी हीटर फुल लावला.

दुपारभर मी समोर बसून होते. आधी कुठून तरी थेंब पडला. मग पाठीवर पापुद्रे सुटायला लागले. आत झालेला बर्फ मातीचा कणन् कण वेगळा करून बसला होता, तो वितळला तशी माती तिला धरेना. मी दोन्ही हातांनी तिची मान धरली. ती माझ्या तळव्यांतून घसरत गेली आणि डोकं सगळ्यात आधी खाली आलं. मग खांदा, मग जवळजवळ सगळंच. शेवटी लोखंडाचा आणि तारांचा तुझा सांगाडा उभा राहिला, वर डोक्यासाठी वाकवलेल्या तारेचा एक वेढा. खिशात माझा फोन होता. दोन आठवड्यांत मी तिचा एकही फोटो काढला नव्हता. साचा होणारच आहे, म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी प्लास्टरवाला आला, त्याला नको म्हणून कळवायचं कुणाच्याच डोक्यात नव्हतं. त्यानं सांगाड्याकडे बघून टोपी काढली. "शी वॉज बिग?" मी हातानं उंची दाखवली. त्यानं वरच्या वेढ्याकडे बोट केलं, "विथ हेड?" मी म्हटलं, "येस. विथ हेड." तुझ्या कामाबद्दल मी जगापुढे दिलेली साक्ष एवढीच, आणि ती ऐकणारा आपली पिशवी उचलून निघून गेला.

लोक मला सांगतात, ती तुझ्या मनात राहील. नाही राहत, सेलिन. रोज थोडी पुसट होते. मान डावीकडे होती हे आठवतं, किती डावीकडे होती ते आता आठवत नाही. तू असतीस तर तुझ्या हातांना आठवलं असतं. माझे हात वीस वर्षं कीबोर्डवर होते, त्यांना काही येत नाही. मी तार वाकवून पाहिली, चिमूटभर माती लावून पाहिली. लहान मुलीनं आईची साडी नेसावी तसं दिसलं. काढून टाकली.

आज विन्सेंटनं विचारलं, "विजू, ती माती फेकू का? गाडी आत घ्यायचीय, विंडशील्ड गोठतं." किती साधं विचारलं त्यानं, आणि त्याचं बरोबरच आहे. मी म्हटलं, फेकू नका, मी बघते. दोन मोठ्या बादल्या घेतल्या आणि सगळे गोळे त्यात टाकले, मास्तरांनी शिकवलं तसे. आणि एक तुकडा हातात राहिला, मानेच्या मागचा, त्याच्यावर तुझ्या अंगठ्याचा ठसा. हा ठेवून घ्यावा असं फार वाटलं. पण नुसती मान घरी ठेवायची म्हणजे पुन्हा तेच, मोडक्याला पुजणं, आणि त्याच्याविरुद्ध मी तुझ्याशी जन्मभर भांडले. तो ठसा अंगठ्यानं एकदा चाचपला आणि तुकडा पाण्यात सोडला. तो लगेच विरघळला नाही. मी बघत बसले.

ह्या मातीतून पुढे कुणी काही करणार नाही. जूनमध्ये इथे नवी पोरं येत नाहीत. मी मास्तरांचा नियम मोडतेय, माती अजून ओलीच आहे, आणि तू विचारलंस त्याला आता फार उशीर झाला.

चांगली झाली होती, सेलिन. मान तशीच बरोबर होती.